एसएमपीएस आणि शब्दप्रमाण

घरी कॉम्प्युटर जुळवणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर महिनाभर खल करतो आणि एसएमपीएसची, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागाची, पाळी आली की दुकानदाराला म्हणतो, ‘द्या एखादा चांगला.’ कुसगावहून लोणावळ्याला येऊन लोकलने पुण्याची तपकीर गल्ली गाठली काय किंवा घरबसल्या मागवला काय, हाती येतो तो पत्र्याचा डबा आणि त्यावरचं लेबल. डबा उघडून बघण्याची सोय नाही, कारण २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश झाल्यावर आत सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकून राहतो. सगळ्या यंत्राचा जीव ज्याच्यावर, नेमकं तेच न बघता मान्य करायचं. आपल्या तर्कशास्त्रात असा दुसऱ्याचा शब्द ज्ञानाचं साधन मानण्याला शब्दप्रमाण म्हणतात. कोणाचा शब्द कुठवर मानायचा आणि तो तपासणं कर्तव्य कधी होतं, हा प्रश्न वेदांइतकाच या डब्यालाही लागू आहे.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं पाडणारं दुसरं ज्ञान किंवा त्याच्या उगमातला दोष समोर येईपर्यंत त्याच्यावर शंका घ्यायची नाही. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटत नाही. ज्ञान खरं होतं की नाही हे त्याच्या आधारे केलेली कृती सफळ झाल्यावर बाहेरून कळतं, असं ते म्हणतात. रोजचं जगणं बहुतेक मीमांसेवरच चालतं आणि त्यात गैर काही नाही. मॉनिटर बिघडला तर पडदा काळा होतो. तो स्वतःच कबुली देतो. कमअस्सल एसएमपीएस मात्र चालू असतानाच खोटं बोलतो आणि मरताना मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि डिस्कवरचे दहा वर्षांचे फोटो सोबत नेऊ शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की शंका किती घ्यायची हे वस्तूच्या किमतीवर ठरू नये, तिच्या खोटेपणाची झळ कोणाला बसते त्यावर ठरावं. झळ दुसऱ्याला बसणार असेल तिथे नैयायिक व्हावं. शिवाय लेबल वेदांसारखं अपौरुषेय नाही, पौरुषेय आहे, माणसाने लिहिलेलं. त्यावर शंका घेतली तर मीमांसकाचीही हरकत नसावी.

शंका घ्यायची म्हणजे आधी लेबल नीट वाचायचं. समजा वर ठळक अक्षरात ४५० वॅट लिहिलंय आणि खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. गुणाकार केला की १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे ठळक आकडा त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यानंतर ती प्रसिद्ध चाचणी: २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्याने जोडायची, पंखा फिरला की एसएमपीएस ‘ओके’. भार नसताना पंखा कमअस्सलाचाही फिरतो. मानकाप्रमाणे १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी आणि तिची खरी परीक्षा यंत्र जुळवून, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तासभर राबवताना मल्टिमीटर लावला की होते. आकडा हळूहळू ११.३ कडे घसरताना दिसला तर समजावं, लेबल रिकाम्या पोटी बोलत होतं.

भार पेलायला साठा लागतो हे कुसगावच्या परिसराला वेगळं सांगायला नको. खोपोलीचं टाटांचं वीज केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि ते चालतं लोणावळा, वळवण आणि शिरोता इथल्या साठवलेल्या पाण्यावर. पाऊस चार महिने, वीज बारा महिने; मधला खड्डा धरण भरून काढतं. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर हे एक छोटं वळवणच. घरातल्या विजेचा दाब सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि कॉम्प्युटरला तर सलग धार हवी. धरण किती खोल आहे हे भर पावसात दिसत नाही, मे महिन्यात दिसतं. आषाढात घाटमाथ्यावर दिवे मिचकावतात तेव्हा एकच आवर्तन, २० मिलिसेकंदांचं, हुकलं तरी उथळ साठ्याचं यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

यावर पहिला आक्षेप अनवस्थेचा: मल्टिमीटर तरी खरा कशावरून? त्याला दुसरा मल्टिमीटर, त्याला तिसरा. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला व्यवहारी उत्तर दिलंय. शंका तिथवरच चालते, जिथवर ती शंकेखोराच्या स्वतःच्या वागण्याशी भांडत नाही. त्याच मीटरने घरातली बॅटरी बिनदिक्कत मोजणाऱ्याला इथेच शंका का यावी? दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो चार्वाकाच्या वळणाचा: आज तासभर टिकला म्हणून उद्या टिकेल कशावरून? खरंच, कशावरून नाही. म्हणून तर निवडताना ‘बिघडेल का’ याहून ‘बिघडला तर कसा’ हे महत्त्वाचं. शॉर्ट सर्किट, जादा दाब, जादा प्रवाह यांपासून संरक्षण असलेला एसएमपीएस एकटाच बंद पडण्यासाठी घडवलेला असतो. पण मल्टिमीटरला हे संरक्षण दिसत नाही, १२ व्होल्टवरची सूक्ष्म थरथरही दिसत नाही; तिला ऑसिलोस्कोप लागतो. तिथे पुन्हा शब्दच मानावा लागतो, मात्र आप्ताचा. वात्स्यायनांनी आप्ताची व्याख्या करताना ऋषी, आर्य, म्लेच्छ असा भेद ठेवला नाही. ज्याने स्वतः पाहिलं आणि जो तसंच सांगू इच्छितो तो आप्त. भार देऊन मोजणारी परदेशातली प्रयोगशाळा त्यात बसते. ‘८० प्लस’चा शिक्का अर्धाच बसतो. विजेतली किती वाया जात नाही एवढंच तो सांगतो, संरक्षणाबद्दल अवाक्षर नाही.

खंडेनवमीला कॅबिनेटला हळदकुंकू लावणाऱ्याला ही सगळी तपासणी अश्रद्धा वाटेल. पण शस्त्रपूजेत शस्त्र आधी घासूनपुसून, धार बघूनच मांडतात आणि खंडेनवमी येते तीही पावसाळ्याचे झटके खाऊन झाल्यावर. त्या सकाळी तासभर भार देऊन १२ व्होल्ट मोजायचे, मग पिन काढायची, धूळ झटकायची आणि झेंडू वाहायचा. फक्त पाकळ्या पंख्याच्या जाळीत जाऊ द्यायच्या नाहीत.