शमुवेलाचा झगा



नवसाने झालेला मुलगा हन्नाने परमेश्वराला वाहिला आणि दूध तुटल्यावर शिलो येथे एली याजकाच्या स्वाधीन केला. ही गोष्ट सांगताना आम्ही बहुधा इथेच थांबतो. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पुढे एक लहानशी नोंद आहे. हन्ना दरवर्षी त्याच्यासाठी छोटा झगा शिवी व वार्षिक यज्ञाला जाताना घेऊन जाई. मूल डोळ्यांआड. तरी यंदा तो किती वाढला असेल, बाही किती लांब ठेवावी, याचा अंदाज ती माउली बांधत असणार. दुसऱ्याच्या छपराखाली वाढणाऱ्या त्या मुलाचे माप कुणीतरी मनात ठेवले होते.

आजही काही मुले अशीच दुसऱ्याच्या छपराखाली वाढतात. ज्यांना स्वतःच्या घरी राहता येत नाही अशा मुलांना २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार बालकल्याण समिती काही काळासाठी एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला देऊ शकते. हे दत्तक नव्हे. घरची परिस्थिती सुधारली तर मूल परत जाते. म्हणजे सामान बांधणे आलेच. अशी दोन भावंडे बालगृहातून निघताना आम्ही पाहिली. दोघांचे सारे सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पिशवीचा बंद तुटला, म्हणून धाकटीने ती पोटाशी धरली होती.

म्हणून गेल्या मे महिन्यात चर्चच्या पडवीत कपड्यांसाठी पेटी ठेवली. सात गोणी भरल्या. सिस्टरांनी निवडायला घेतल्या, तेव्हा जेमतेम दोन गोणी कामाच्या निघाल्या. बाकी बटणे तुटलेले सदरे, चेन नसलेली दप्तरे, जरीच्या साड्या (मुलांना!) आणि, लपवून काय उपयोग, कोपरावर विरलेला आमचा स्वतःचा स्वेटर. कपाट मोकळे झाल्याचे समाधान मात्र आम्हांला पुरेपूर मिळाले होते.

आपल्या गरजेहून अधिक जे आहे, ते गरिबांचे देणे लागते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत हे उत्तर आम्ही बरोबर लिहिले होते. पण अधिक म्हणजे टाकाऊ नव्हे, हे त्या गोणी उपसताना कळले.

म्हणून यंदा पेटी नाही. धर्मग्राम कार्यालयात चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर एका मुलाचे वय, उंची व चपलेचा नंबर आहे, नाव नाही. एका कुटुंबाने एक चिठ्ठी घ्यावी. त्या मापाचे दोन जोड कपडे आणि खांद्याला अडकवता येईल अशी, चेन धड असलेली बॅग द्यावी. कपडे वापरलेले चालतील, पण धुतलेले, इस्त्री केलेले आणि आपल्या लेकराला घालाल असे असावेत. बॅगेवरची नावाची पट्टी कोरी ठेवा. नाव मूल स्वतः लिहील. वाटपाचा कार्यक्रम, फोटो वगैरे काही होणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेही मनाई आहे.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत सामान आणून द्यावे. छोट्या मुलींच्या फ्रॉकच्या चिठ्ठ्या आजच्या मिस्सानंतर लगेच संपतील, असा आमचा अंदाज आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्या वर ठेवायला सांगितल्या आहे. आधी त्या घ्या.

आपले धर्मगुरू