उतारशाळेतील रात्र



आज सामान्यकाळातील पंधरावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात संत लूक आपल्याला यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर नेतो. दयाळू शोमरोन्याचा हा दाखला आपल्याला इतका पाठ आहे की वाचन सुरू होताच त्याचा शेवट आपण मनात म्हणून टाकतो. याजक आला, पाहून पुढे गेला. लेवी आला, तोही पुढे गेला. शोमरोनी थांबला. आपले चिंतनही बहुधा तेथेच थांबते. आज मात्र आम्हाला त्या जखमी माणसासोबत थोडे पुढे, उतारशाळेपर्यंत जायचे आहे.

शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणले आणि तेथे त्याची काळजी घेतली. त्यानंतर संत लूक एकदम दुसऱ्या दिवसाविषयी बोलू लागतो: दोन दीनार, मालकाला केलेली विनंती, परत येईन तेव्हा उरलेला खर्च देईन हा दिलेला शब्द. म्हणजे मध्ये एक रात्र गेली. त्या रात्री ताप किती चढला, पाणी किती वेळा मागितले, रक्ताने भिजलेली पट्टी कोणी बदलली, यातले काहीच लिहिलेले नाही. ज्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र काढली आहे त्यांना मात्र ते न सांगता समजते.

उद्या, १४ जुलैला, ख्रिस्तसभा संत कामिल्लुस यांचे स्मरण करते. १५५० साली इटलीत जन्मलेला हा माणूस सैनिक होता आणि जुगारी होता. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे तो रोममधील सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. केवळ पगारासाठी काम करणारे नोकर रुग्णांची कशी हेळसांड करतात हे त्याने तेथे पाहिले. पुढे त्याने रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला. जीव धोक्यात घालूनही रुग्णसेवा करीन, असे व्रत त्या संघाचे सभासद घेत. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. या निमित्ताने, आपल्यापैकी कोणावर शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा परिचारिका काय करते आणि आपण काय करायला हवे, याचा आज विचार करू या.

शस्त्रक्रियेपूर्वी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर खाटेजवळ येते आणि प्रश्न विचारू लागते. पूर्ण नाव काय? कोणत्या बाजूचे ऑपरेशन? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? साखरेच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? तंबाखू, मिश्री, गुटखा? हेच प्रश्न सकाळी दुसरी सिस्टर पुन्हा विचारते. "किती वेळा तेच तेच सांगायचं?" असे म्हणून नातेवाईक वैतागतात. पण एकाच आडनावाची दोन माणसे एकाच वॉर्डात असू शकतात आणि माणसाला डावा व उजवा असे दोन गुडघे असतात. पुन्हा पुन्हा विचारणे ही तिची दक्षता आहे. मिश्री लपवून ठेवणारी आजी सुनेपासून लाज राखते खरी, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून तिच्या फुप्फुसांची खरी स्थितीही लपवते.

उपाशी राहण्याचेही तसेच. "लेकरू रात्रीपासून उपाशी आहे, घोटभर चहा आणि एक बिस्कीट दिलं तर काय बिघडतं?" ही आपल्या घरातील माया आहे, पण येथे ती जिवावर बेतू शकते. भुलेखाली गिळण्याची व खोकण्याची स्वाभाविक क्रिया थांबते. पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. म्हणून साधारणपणे हलक्या आहारानंतर निदान सहा तास जाऊ देतात आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. नेमकी वेळ डॉक्टर व सिस्टर सांगतील तीच पाळावी. चुकून काही खाल्ले असेल तर निःसंकोच सांगावे. ऑपरेशन पुढे ढकलले जाईल, एवढेच.

शेवटी सिस्टर बांगड्या, अंगठी आणि गळ्यातील क्रूस काढायला सांगते. नखांचा रंगही पुसते, कारण प्राणवायू कमी पडला तर नखे निळसर होतात आणि बोटाला लावलेल्या यंत्रालाही त्या रंगाचा अडथळा होऊ शकतो. गळ्यातील क्रूस काढताना आपल्या काही मायबहिणींच्या डोळ्यांत पाणी येते. बंधूभगिनींनो, क्रूस सिस्टरच्या हातून नातेवाइकांच्या हाती जातो, पण स्नानसंस्काराच्या दिवशी कपाळावर केलेली क्रुसाची खूण कोणाला काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट. आजही अनेक घरांत धर्मगुरूला तेल घेऊन बोलावणे म्हणजे आशा सोडणे असे समजतात. "फादरना आता बोलावलं तर पेशंट घाबरेल," असे आम्हाला सांगितले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की या संस्काराला 'अंत्याभ्यंग' म्हणण्यापेक्षा 'रुग्णाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे, कारण तो केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचित आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला तेल लावले ते तो जगावा म्हणून.

शस्त्रक्रियेच्या वेळी

ऑपरेशन थिएटरचे दार बंद होते आणि आपण बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसतो. आत काय चालते?

शस्त्रक्रिया म्हटले की आपल्या सोलापूरकरांच्या मनात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव येते. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. ज्या रुग्णालयाचे ते पुढे प्रमुख झाले त्याला डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाचे नाव होते. बेथ्यून यांचा मृत्यू कशाने झाला? हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेत जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. रणांगणातून वाचलेल्या डॉक्टरचा बोटावरच्या जखमेने बळी घेतला. थिएटरमधील सिस्टर हात धुण्याबाबत, हातमोज्यांबाबत, निर्जंतुक कापडाला कोणाचा स्पर्श होऊ नये याबाबत इतकी कडक का असते, याचे उत्तर या एका मृत्यूत आहे.

१९४१ साली डॉ. कोटणीस यांनी ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. त्या परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी डॉक्टरांचे निधन झाले. डॉक्टरांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. पण त्या रणभूमीवर रक्तातले बोळे उचलणारे, उपकरणे उकळणारे, रात्री जखमींना पाणी पाजणारे हात कितीतरी असतील. त्यांची नावे उतारशाळेतील रात्रीसारखीच लिहिली गेली नाहीत.

आजच्या थिएटरमध्ये एक सिस्टर डॉक्टरांच्या हाती उपकरणे देते, तर दुसरी फिरती राहून लागेल ते पुरवते व नोंदी ठेवते. सुरुवातीला दोघी मिळून कापसाचे-जाळीचे बोळे, सुया आणि उपकरणे मोजतात. जखम शिवण्यापूर्वी पुन्हा मोजतात आणि शेवटी पुन्हा. एक बोळा जरी कमी भरला तरी सिस्टर तसे सांगते आणि शोध सुरू होतो. त्या क्षणी तिच्या तोंडचा 'थांबा' हा शब्द मोठ्यात मोठ्या सर्जननेही ऐकायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी दिली: भुलेपूर्वी, छेद देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी मोठ्याने वाचून खात्री करण्याची. जगातील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. त्यांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स रुग्णालयही होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मृत्यूंचे प्रमाण हजारात १५ वरून ८ वर आले होते. कोणतेही नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. नाव विचारणे, मोजणे, एकमेकांना स्पष्ट सांगणे, एवढेच होते.

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न विचारतात: ज्याला स्वतःचे भान नाही, तो माणूस म्हणून कोठे असतो? भुलेखाली पडलेला रुग्ण बोलत नाही, विरोध करत नाही, आपली लाजसुद्धा झाकू शकत नाही. आम्हाला वाटते, अशा वेळी त्याची प्रतिष्ठा इतरांच्या हाती सोपवलेली असते. उघडे पडलेले अंग झाकणारी, दबलेल्या हाताखाली उशी सरकवणारी सिस्टर हेच सांगत असते की टेबलावर हर्नियाची केस नसून कोणाचा तरी बाप झोपला आहे. गेथसेमनी बागेत प्रभूने शिष्यांकडे तासभर जागे राहण्याची मागणी केली आणि ते झोपी गेले. येथे कोणीतरी त्याच्यासाठी जागे असते.

शस्त्रक्रियेनंतर

डॉक्टर बाहेर येऊन "ऑपरेशन चांगले झाले" म्हणतात आणि आपण प्रभूचे आभार मानतो. सिस्टरच्या दृष्टीने मात्र उतारशाळेतील रात्र आता सुरू होते. श्वास नीट चालला आहे का, नाडी किती, रक्तदाब किती, पट्टी ओली झाली का, लघवी झाली का, हे सुरुवातीला थोड्या थोड्या मिनिटांनी पाहिले जाते. दुखते आहे म्हणून दीर्घ श्वास घेतला नाही तर छातीत कफ साचतो. हालचाल केली नाही तर पायातील रक्तात गुठळी होऊ शकते. म्हणून सिस्टर दुसऱ्याच दिवशी "उठा, चार पावलं चाला" म्हणते, आणि आपल्याला ती निर्दयी वाटते.

बंधूभगिनींनो, आपल्याकडे परिचारिकेला सारेच 'सिस्टर' म्हणतात. युरोपात शतकानुशतके रुग्णसेवा धर्मभगिनींनी केली, त्यातून हा शब्द आला आणि सर्व धर्मांच्या तोंडी रुळला. पण वॉर्डात फिरताना आम्ही पाहतो, की 'सिस्टर' म्हणून हाक मारणारे तोंड पुढच्याच वाक्यात तिला मोलकरणीसारखे दरडावते. आणि लग्नाची बोलणी निघाली की "मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते" म्हणून नाक मुरडणारी घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. ज्या रात्रपाळीने आपल्या वडिलांना वाचवले, ती रात्रपाळी सुनेच्या बाबतीत कलंक कशी ठरते? याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आज स्वतःला द्यावे.

शोमरोन्याने स्वतः सेवा केली आणि निघताना उतारशाळेच्या मालकाचा खर्चही उचलला. सेवा करणाऱ्याला सांभाळणे हाही त्या दाखल्याचा भाग आहे. म्हणून चार साध्या गोष्टी करू या. सिस्टर विचारील ते खरे सांगावे. रुग्णाला विचारल्याशिवाय काही भरवू नये. भेटीला एका वेळी एकदोघांनीच, हात धुऊन जावे. आणि घरी जाताना डॉक्टरांबरोबर सिस्टरचेही आभार मानावेत, जमले तर तिचे नाव विचारून.

आज मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनी व बंधूंच्या हातांना आशीर्वाद देण्यात येईल. ड्यूटीवरून थेट येणाऱ्यांनी गणवेशात आले तरी चालेल. आणि ज्यांना आजही रात्रपाळीमुळे येता येणार नाही, त्यांच्यासाठी आज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक घराने एक 'नमो मरिये' म्हणावी. आपण झोपलेले असताना कोणाच्या तरी उशाशी त्या जाग्या असतील.

प्रभू त्यांना बळ देवो. आमेन.

आपले धर्मगुरू