उशाशी बसणे हाही धम्मच



दीपनगरच्या वसाहतीत राहणाऱ्या उपासका, समज, औष्णिक वीज केंद्रातील रात्रपाळी संपवून तू घरी आलास आणि दारात पत्नी डॉक्टरांचा कागद घेऊन उभी आहे. कर्करोग आहे, केमोथेरपी घ्यावी लागेल. त्या क्षणी तुझा धम्म कोठे आहे? विहारातील वंदनेत, की त्या दारात?

अंगुत्तर निकायात नकुलपिता व नकुलमाता या भग्ग देशातील दांपत्याची कथा आहे. नकुलपिता अत्यवस्थ झाला. नकुलमाता उशाशी बसली. पण "तुम्हाला काही झालेले नाही" असे खोटे बोलली नाही. चिंता मनात ठेवून मरण पत्करू नका, असे सांगून तिने त्याच्या सहा शंका एकेक करून फेडल्या. मी कापूस कातून मुले वाढवीन, घर सांभाळीन, दुसरा घरोबा करणार नाही, शील सोडणार नाही. त्याचे मन हलके झाले, तो बरा झाला. पुढे काठी टेकीत तो तथागतांकडे गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे तथागतांनी त्याला सांगितले.

आपण कापसाच्या खानदेशातली माणसे. या कथेचे मर्म आपल्याला कळले पाहिजे. आजारी माणसाला केवळ मरणाचे भय नसते. मुलांचे शिक्षण, रजा, कर्ज, मुंबईचा प्रवास यांचेही असते. त्याला विचारा, ऐकून घ्या आणि जे करू शकाल तेवढेच वचन द्या.

पण आपल्या घरी काय होते? नवरा आजारी पडला की पत्नी उशाशी बसते. पत्नी आजारी पडली की तीच उठून भाकरी थापते! पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, असे तथागतांनी सिगालाला सांगितले. तो मान आता चुलीपाशी दिसू द्या.

केमोथेरपीचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. म्हणून केसांची मुळे व तोंडाची त्वचाही दुखावते. केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. तिला आरशापासून लपवू नका आणि हसूही नका. तोंड आले असेल तर ठेचा बाजूला ठेवा, मऊ भात व पातळ वरण द्या. रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, म्हणून ताप १०० अंशांच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. हा रोग स्पर्शाने होत नाही. हात हातात घ्या.

कोणी म्हणेल, हे मागल्या जन्मीचे पाप, नवस करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण तो मार्ग सोडला. रोग पित्तामुळे, वातामुळे, ऋतुबदलानेही होतात, सारेच पूर्वकर्माचे फळ नव्हे, असे तथागतांनी सीवकाला समजावले होते. आजारी माणसाच्या माथी अपराध मारू नका.

बाबासाहेबांची प्रकृती ढासळली असताना, १५ मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या डॉक्टर पत्नीचे व डॉ. मालवणकरांचे ऋण मोकळेपणाने मानले. सेवा करणाऱ्याचे ऋण मानणे हेही शील आहे. म्हणून सेवेकऱ्यालाही विसरू नका. शेजाऱ्यांनो, एक दिवस त्यांच्या घरी डबा पोचवा, एक रात्र जागा, त्याला झोपू द्या.

आज घरी जाल तेव्हा एवढेच विचारा : "तुला कशाची काळजी वाटते?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.