ओटीपी दुसऱ्याच्या हाती

अंध माणसाला ऑनलाइन सरकारी काम करायचं असेल तर त्याला एकच सल्ला मिळतो: 'केंद्रात जा, तिथला मुलगा करून देईल.' पुणे जिल्ह्यातलं शिरूर असो की दौंड, महा ई-सेवा केंद्रं आहेत आणि तिथली मुलं खरोखर करून देतात, अनेकदा आपुलकीनं. उत्पन्नाचा दाखला निघतो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला जातो, पीएम किसानची केवायसी होते. पण त्यासाठी आधार क्रमांक, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी परक्याच्या हवाली करावा लागतो. अर्जात काय लिहिलं गेलं, कुठल्या खात्याचा नंबर टाकला गेला, हे त्या माणसाला स्वतः तपासता येत नाही. डोळस माणूस वेळ नाही म्हणून केंद्रात जातो, अंध माणूस दुसरा मार्गच नाही म्हणून जातो. काम होणं वेगळं आणि काम स्वतः करता येणं वेगळं. कायद्यानं दिव्यांगांना दिलेला हक्क दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि आपली सगळी व्यवस्था पहिलीवर समाधान मानून बसली आहे.

अंध माणसाला फोन वापरता येत नाही, हा समज आता सोडायला हवा. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं. बोट फिरेल तिथलं ते वाचून दाखवतं, मराठीतही. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि तो आजही फुकट मिळतो. निरोप पाठवणं, बातम्या ऐकणं, पैसे पाठवणं अशी कामं अनेक अंध माणसं रोज स्वतः करतात. तोच माणूस सरकारी अर्जापाशी येऊन अडतो. त्याचं कौशल्य तिथे अचानक संपत नाही, अडचण त्या पानाच्या बांधणीत असते.

स्क्रीन रीडरला पान दिसत नाही, तो पानामागची रचना वाचतो. रकान्याला आतून नाव जोडलेलं असेल तर तो 'गावाचे नाव, भरा' असं सांगतो. नाव जोडलेलं नसेल तर फक्त 'रकाना' म्हणतो, पुढे पुन्हा 'रकाना', आणि ऐकणाऱ्यानं अंदाज बांधायचा. चित्राचं वर्णन लिहिलेलं नसेल तर फाइलचं निरर्थक नाव ऐकू येतं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायला सांगणारा कॅप्चा, त्याला बोलका पर्याय नसेल तर, तिथेच दार बंद करतो. ज्याला माउस धरता येत नाही त्याला सगळं कीबोर्डनं करायचं असतं, पण तारीख निवडायचं कॅलेंडर अनेकदा माउसशिवाय उघडतच नाही. कर्णबधिर माणसाला अडचण आली की सांगितलं जातं, हेल्पलाइनला फोन करा. योजनेची माहिती देणाऱ्या व्हिडिओखाली मराठी सबटायटल्स नसतात. चूक झालेला रकाना नुसता लाल होतो, काय चुकलं ते शब्दांत येत नाही. यांतली एकही गोष्ट दुरुस्त करायला नवा शोध लागायचा बाकी नाही. जागतिक वेब संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं 1999 पासून आहेत, त्यांची 2.2 ही आवृत्ती 2023 ची. भारत सरकारनं आपल्या संकेतस्थळांसाठीची तत्त्वं 2009 मध्ये काढली.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. आपला कितीतरी मजकूर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये पडून आहे. पडद्यावर तो शुद्ध मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. डोळ्यांना कळणारं वाक्य कानांना नुसती खडखड ऐकवतं. दुसरी सवय स्कॅनची. आदेश संगणकावर टाइप करायचा, कागदावर छापायचा, सही-शिक्का मारायचा आणि त्या कागदाचा फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा. टाइप केलेला मजकूर हाताशी असताना आपण त्याचं चित्र करून टाकतो. गावपातळीवर हेच व्हॉट्सॲपवर होतं. ग्रामसभेची नोटीस, पाणी सोडण्याचं वेळापत्रक, कांद्याचे बाजारभाव फोटो म्हणून फिरतात. त्याखाली तोच मजकूर टाइप करून टाकायला काही मिनिटं लागतात. ज्या पुणे जिल्ह्यात सी-डॅकसारख्या संस्थेनं भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं, त्याच जिल्ह्यातल्या अंध मराठी माणसाला आपल्याच गावची नोटीस वाचता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि शिरूर-दौंड तालुक्यांना हा विषय परका नाही. दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्तिसदन उभं केलं. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा तिथे आल्या, त्यांत अंध स्त्रियाही होत्या. त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता, आणि त्यांना निव्वळ अन्न-वस्त्र देऊन बसवून ठेवलं नाही. त्यांना हातकाम शिकवलं, बोटांनी ब्रेल वाचायला शिकवलं. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई या शिक्षणात पुढे होत्या. त्याच आवारातल्या छापखान्यात बायका खिळे जुळवत, छपाई करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही साध्या गावकरी बाईला समजेल अशा मराठीत. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. त्यांच्या धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, वाचता न येणाऱ्या माणसाला दोष न देता मजकूरच त्याच्यापर्यंत न्यायचा, हे काम दौंड तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. त्या अंध बाईला कुणी 'वाचून दाखवतो, बस' म्हटलं नाही, वाचायचं साधन तिच्या हातात दिलं. आज आपण अंध नागरिकाला 'भरून देतो, बस' म्हणतो. शिवाय सोपी भाषा हाही सुलभतेचाच भाग आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला, कमी शिकलेल्या आईला, 'सदर बाबीची पूर्तता न केल्यास' या वळणाचं वाक्य कॅप्चाइतकंच अडवतं.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 चा, अमलात आला एप्रिल 2017 मध्ये. कलम 42 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा असावा, ही जबाबदारी सरकारवर आहे. कलम 46 नं सेवा देणाऱ्यांना नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2019 मध्येच संपली. पुढे राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 शी, जगण्याच्या हक्काशी जोडला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीला केवायसीसाठी 'पापण्या मिटा-उघडा' सांगितलं जातं, तिथून ते प्रकरण उभं राहिलं. चेहरा दाखवून केवायसी करण्याची सोय आता शेतकऱ्यांच्या योजनांपर्यंत आली आहे, त्यामुळे तो निकाल दिल्लीपुरता नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रसुद्धा 1 जून 2021 पासून ऑनलाइन अर्ज करूनच मिळतं.

'अशी माणसं असतात किती?' हा प्रश्न नेहमी येतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. पण मी फक्त आकड्यावर युक्तिवाद उभा करणार नाही. तालुक्यात अशी एकच व्यक्ती असती तरी सातबारा तिचाही आहे. शिवाय या आकड्याबाहेरची माणसं आठवून पाहा. कडबाकुट्टीत बोटं गेलेला शेतकरी, मोतीबिंदू पिकलेली आजी, हात थरथरणारे निवृत्त मास्तर. ई-पीक पाहणी 2021 पासून सुरू आहे, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. उसाच्या सरीत एका हातानं फोन सावरणाऱ्या माणसाचा विचार ॲप बनवताना झाला, तर फायदा सगळ्याच शेतकऱ्यांना होतो.

वरच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची बटणं लावली, 'स्क्रीन रीडर' नावाची एक कडी दिली, की काम संपलं असं अनेक खाती धरून चालतात. ती बटणं वाईट नाहीत. पण अर्जातले रकाने मुके असतील तर त्या बटणांनी अर्ज भरला जात नाही. खरी कसोटी एकच: अर्ज खुला होण्याआधी अंध, कर्णबधिर, हाताचा त्रास असलेल्या नागरिकांनी तो कुणाच्या मदतीशिवाय शेवटपर्यंत भरून पाहिला का? महाराष्ट्रानं डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. प्रत्येक खात्याच्या नव्या अर्जाची अशी चाचणी, चाचणी करणाऱ्यांना मानधन देऊन, घेण्याचं काम या विभागानं अंगावर घ्यावं. चाचणीत अडलेला अर्ज दुरुस्त होईपर्यंत लोकांसमोर येऊ नये.

शिरूर-दौंडच्या हातात असलेलं काम त्याहून सोपं आहे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून ज्याला हवा त्याला टॉकबॅक चालेल असा फोन आणि तो शिकवणारा माणूस देता येईल. शिकवणारा स्वतः अंध असेल तर उत्तम. तहसील कचेरीनं आदेश युनिकोडमध्ये, मजकूर म्हणून प्रसिद्ध करावेत, डिजिटल सही त्यावरही चालते. आणि सेवा केंद्रातल्या मुलानं अर्ज दाखल करण्याआधी भरलेला प्रत्येक रकाना समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवावा, ओटीपी मागण्याआधी तो कशासाठी आहे ते सांगावं. हे उद्यापासून करता येईल, त्यासाठी कुठल्याही आदेशाची वाट पाहायची गरज नाही.