मेख आणि चूक

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराच्या आवारातला गरुड मंडप एकोणिसाव्या शतकातला. दगडी देवळापुढे हे लाकडी काम: नक्षीचे खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, वर छप्पर. अलीकडे या खांबांची बुडे कुजलेली आढळली आणि मंडप उतरवून सागवानात पुन्हा उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. अशा वेळी एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. खांब नवे, कमानी नव्या, मग मंडप तोच कसा? मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने रथाबद्दल असेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजाला दर वेळी नाही म्हणावे लागले. या यादीत सुटे भाग मोजले जातात. ते भाग एकमेकांना ज्यांनी धरून ठेवले त्या सांध्यांचा विचार मागे पडतो. लाकूड कुजायला लागते ते मात्र बहुधा सांध्यापासूनच. खरी मेख तिथेच आहे, आणि इथे हा शब्द सुताराच्या अर्थानेही घेता येतो.

उघड्यावरचे लाकूड ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ते पाणी पिते, एप्रिल-मेमध्ये वाळते. ही हालचाल मुख्यतः आडवी. रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. लोखंडी खिळा मात्र आपले माप सोडत नाही. तो ठोकतानाच रेषा फाकतात, काही पावसाळ्यांत भोवतालचे भोक सैल होते आणि खिळ्याच्या कडेने पाणी थेट गाभ्यात उतरते. फळीचा वरचा भाग उन्हात लवकर सुकतो, पण खिळ्याच्या माथ्याखालची ओल तशीच राहते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की धोका सुरू होतो, आणि ३० टक्क्यांच्या आसपास पोचली की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळे मिळते. तिकडे गंज चढत असतो. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे भोक आणखी फाकते, आणि गंजातून झिरपणारे लोह आजूबाजूचे तंतू ठिसूळ करते. असा जुना खिळा उपटला की भोवती काळे कडे दिसते आणि नखाने खरवडले तरी लाकडाचा भुसा पडतो. मराठीत बारीक खिळ्याला ‘चूक’ म्हणतात, हा योगायोग असला तरी मार्मिक आहे. जुने सुतार एका लाकडाला कुसू काढून ते दुसऱ्याच्या खाचेत बसवत, आडवी लाकडी मेख ठोकत आणि खांब मातीला न टेकवता दगडी तळखड्यावर उभा करत. मेख लाकडाबरोबर फुगते, लाकडाबरोबर आकसते, आणि वेळ आली तर उलट बाजूने ठोकून काढता येते.

न्याय-वैशेषिकांनी संबंधांचे दोन प्रकार सांगितले आहेत. दोन स्वतंत्र वस्तू एकत्र येतात आणि पुन्हा वेगळ्या होऊ शकतात, तो संयोग. कापड आणि त्याचे तंतू यांच्यासारखे जे कधी वेगळे असूच शकत नाहीत, त्यांच्यातला संबंध समवाय. माझे म्हणणे असे की उघड्यावरचा खिळा हा समवायाचे सोंग घेतलेला संयोग आहे. दोन लाकडे कायमची एक झाली असे मानून तो ठोकला जातो. लाकडे तसे मानत नाहीत, आणि या दाव्याच्या फटीतच पाणी साचते. चांगला सांधा आपण संयोग आहोत हे विसरत नाही. तो घट्ट असतो, पण हालचालीला जागा ठेवतो, पाण्याला बाहेरची वाट देतो आणि उघडता येतो. धर्मातल्या जोडण्यांनाही हेच लागू पडते असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की यात लोखंडाला उगाच दोष दिला आहे. जपानच्या होर्यू-जी मंदिरात घडीव लोखंडी खिळे आहेत आणि ते लाकडी बांधकाम हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्यामुळे मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. तिथल्या रुंद वळचणी पाऊस सांध्यापर्यंत पोचू देत नाहीत. म्हणजे दोष धातूचा नाही, ओल अडवून धरणाऱ्या जोडणीचा आहे. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टबद्दलही हेच. तो गंजत नाही हे मोठेच काम, पण भोक जरा मोठे न ठेवता तो करकचून आवळला, तर लाकूड तडकायचे ते तडकतेच आणि पाणी उतरायचे ते उतरतेच. उलट लाकडी मेखसुद्धा सतत भिजणाऱ्या जागी बसवली तर कुजते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुतारकामावरून धर्माबद्दल काही सिद्ध होत नाही, दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे. हे मान्य. पण पुरावा परंपरेच्या आचरणातच आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत दुरुस्तीआधी देवतेचे तत्त्व मूर्तीतून कलशात घेतात आणि काम झाल्यावर परत मूर्तीत स्थापन करतात. २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाले, तेव्हा भाविकांनी उत्सवमूर्तीचे आणि कलशाचे दर्शन घेतले. देवत्व दगडात समवायाने असते तर ही व्यवस्था निरर्थक ठरली असती. शास्त्राने देवता आणि मूर्ती यांचे नाते विधीपूर्वक सोडता येणारे, म्हणजे मेखेसारखे मानले आहे. दुर्गासप्तशतीच्या पाठाआधी कवच आणि अर्गला या स्तोत्रांबरोबर कीलकही म्हणतात. कीलक म्हणजे खिळाच, आणि त्याबरोबर उत्कीलनाचा, म्हणजे तो खिळा काढण्याचा विचारही येतो. मंत्राला खिळा मारणाऱ्यांनी तो उपटण्याची सोयही ठेवली.

तरीही कोणी विचारील, सगळेच सोडता येण्याजोगे असेल तर श्रद्धेच्या घट्टपणाचे काय? इथे घट्ट आणि न उघडणारे यांची गल्लत होते. तळखड्यावरचा खांब शतकभर हलत नाही, तरी त्याला उचलून बदलता येते. रूढीचेही तसेच. जी रूढी आपल्यात बदलाला जागा ठेवत नाही, तिच्या खिळ्यापाशी ओल साचत राहते. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत गाभा मऊ पडत जातो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. कट्टर वैशेषिक म्हणेल, अवयव बदलले म्हणजे हा दुसराच मंडप. नागसेन म्हणेल, मंडप हे निव्वळ नाव. मला वाटते, ज्या बांधकामाचे सांधे उघडून पुन्हा बसवता येतात, त्याच्या रचनेतच त्याचे नूतनीकरण धरलेले असते. म्हणून खांब बदलल्याने गरुड मंडप परका होत नाही. तो परका होईल तो पुढच्या सुताराला सांधा उघडताच येणार नाही अशी जोडणी केली तर. तेव्हा नवा मंडप पाहताना नक्षी जरूर पाहावी, पण पहिल्या पावसानंतर एकदा खांबाच्या बुडाशी वाकून पाणी कुठून बाहेर पडते तेही पाहावे.