पेडण्याचा बोगदा

पावसजवळच्या एका हापूसच्या बागेत फेब्रुवारीअखेर पॅकिंगची नवी शेड उभी राहत होती. बाग सांभाळणारी मुलगी पुण्यात आयटीत काही वर्षं काढून गावी परतलेली. आंबा पिकवायचं चेंबर, प्रतवारीचं टेबल, पेट्या, लेबलं, वेबसाइट, बँकेचे कागद, सगळी कामं तिने प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर घातली होती. प्रत्येक कामाचं कार्ड, त्यावर माणसाचं नाव आणि तारीख. गवंड्यापासून बागेतल्या गड्यापर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ज्याचं त्याचं काम जायचं. ही मेहनत मोलाचीच होती. तोंडी सांगितलेली कामं हंगामाच्या धांदलीत किती विसरली जातात, हे बागायतदाराला विचारावं.

तिचा मामा शेड बघायला आला. कोकण रेल्वे बांधली जात असताना तो करबुड्याच्या बोगद्यावर सुपरवायझर होता.

“मामा, शंभरातली नव्वद कार्डं झाली बघ,” तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

“उरलेली दहा कुठली गो?”

“चेंबरची वायरिंग, थ्री-फेज मीटर, कूलिंग… अशीच.”

मामा खुर्ची ओढून बसला. “१९९७ मध्ये आमची रेल्वेही अशीच होत आली होती. १९९० मध्ये श्रीधरनसाहेबांच्या हाताखाली काम सुरू झालं. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सातशे चाळीस किलोमीटर. आमचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा, सगळ्यात लांब. पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच. हे सगळं पार पडलं, आणि अडलं कुठे? गोव्यात पेडण्याला. बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण माती मऊ आणि पाण्याने भरलेली. खणावं तर वरून ढासळायची. करबुड्याचा कातळ सुरुंगाने फुटतो, चिखलाला सुरुंग काय करणार? तो बोगदा होईपर्यंत मुंबईहून मंगळुरूला सलग गाडी जाणं शक्यच नव्हतं. अखेर २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. आमच्या स्टेशनांना आणखी दोनदा रंग काढला असता, तरी तो दिवस अलीकडे आला नसता.”

मुलगी कार्डांकडे बघत राहिली. मग तिने एकेका कामापुढे लिहायला घेतलं, ते कशासाठी थांबलंय. सॉफ्टवेअरमध्ये आधीचं काम जोडायची सोय पहिल्यापासून होती. तिने तो रकानाच उघडला नव्हता. चेंबर चालू व्हायला थ्री-फेज मीटर हवा, मीटरच्या अर्जाला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, वायरिंगला केबल, आणि केबलला जमिनीखालून पाइप. पाइपचं कार्ड ‘करायचं’मध्येच पडून होतं. फरशीचं मात्र आठवड्यापूर्वीच ‘झालं’मध्ये गेलेलं.

इंजिनिअर लोक या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत बसवली. साखळीतलं एक काम एक दिवस रखडलं की सगळा प्रकल्प एक दिवस रखडतो. साखळीबाहेरच्या कामांना थोडीफार सवड असते. नव्वद कार्डांतली बहुतेक सवडीचीच होती. सोपी म्हणून ती आधी उरकली गेली होती.

सकाळी तिने गड्याला बोलावलं. “फरशी फोडावी लागणार. खालून पाइप न्यायचाय.”

“ताई, फरशी बसत होती तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की वायर येणार कुठून,” तो म्हणाला. “पण मोबाइलात माझं काम चर बुजवायचं होतं. बाकीचं मला दिसतच नाही.”

हे ऐकून ती गप्प झाली. तिने माणसांना कामं नेमकी वाटून दिली होती, पण सगळ्या कामाचं चित्र फक्त आपल्यापाशी ठेवलं होतं. त्याच दुपारी तिने पूर्ण बोर्ड सगळ्यांना खुला केला आणि कुणालाही कुठल्याही कार्डावर ‘थांबा’ लिहायची मुभा दिली. वेबसाइट आणि रंगकाम मेवर ढकललं. चेंबर पहिल्या तोडीला मिळणार नव्हतं, तेव्हा पहिला आंबा माडीवर पेंढ्यात आढी घालून पिकवायचं ठरलं.

संध्याकाळी काढणीच्या कार्डावर पहिला ‘थांबा’ पडला. गड्याने मोबाइलवर बोलून लिहिलं होतं : मागच्या पट्ट्यातला आंबा अजून चौदा आणे तयार नाही, आठ दिवस झेला लावू नका, आणि आढीला पेंढा कमी आहे, तो आधी आणा.

तिने तारीख पुढे नेली आणि पेंढ्यासाठी फोन लावला.