तृप्त श्रोता

नागपूरकराच्या वाट्याला समुद्र सहसा नकाशातच येतो. अंबाझरीचा तलाव हाच काय तो आमचा सागर! त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुंबईहून कोचीस जाणाऱ्या एका सहलीच्या जहाजावर सहकुटुंब जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही हरखून गेलो हे कबूल केले पाहिजे. संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडले. दुसरा सबंध दिवस जमीन दृष्टीस पडावयाची नव्हती. त्या दिवशी उतारूंस कंटाळा येऊ नये म्हणून केलेल्या व्यवस्थेचा छापील कागद खोलीत ठेवलेला होता. सकाळी न्याहारी, अकरा वाजता मराठी आरमारावर व्याख्यान, लगेच भोजन, तिसऱ्या प्रहरी चहा, पुन्हा व्याख्यान, आणि रात्री एकामागून एक पाच वाढण्यांचे जेवण. व्याख्यान आणि भोजन ही एकाच यादीत, एकाच टायपात पाहून मन किंचित अडखळले. वास्तविक व्याख्याने देऊनच ज्याने आजवर पोट भरले, त्याने व्याख्यानाला पक्वान्नांच्या पंक्तीत जागा मिळाली म्हणून कुरकुर का करावी?

ही प्रथा आजची नव्हे. इंग्लंडातील स्वान कंपनीने 1954 साली प्राचीन ग्रीक अवशेष दाखविणाऱ्या सफरी सुरू केल्या, आणि 1944 ते 1948 पर्यंत आपल्याकडील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेले मॉर्टिमर व्हीलर त्या जहाजांवर व्याख्याने देत असत. एवढ्या मोठ्या विद्वानाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्याला नाक मुरडणारे आम्ही कोण?

पण व्याख्यान आणि खाणे यांची सांगड आपल्या समाजात पूर्वी कशी पडे, ते आठवल्यावाचून राहवत नाही. 1890 च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाच्या निमित्ताने पंचहौद मिशनात जमविले. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध झाली आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. तो चहा इतिहासात अमर झाला. व्याख्यान काय झाले हे मात्र कोणी विचारीत नाही.

याच गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. बौधायनाने समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केलेली, आणि त्या समजुतीचा पगडा तेव्हा समाजावर कायम होता. तेव्हा अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभे राहून आपण कशासाठी जातो याचा खुलासा केला. मांसान्न वर्ज्य असल्यामुळे बोटीवर त्यांच्या जेवणाचे हालच झाले. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. समुद्रबंदीचा तो निर्बंध अन्यायाचा होता. तो मोडला हे उत्तमच झाले. मात्र त्याच्यामुळे जाणाऱ्याला एका प्रश्नास उत्तर द्यावे लागे: तू कशासाठी जातोस? आम्हांस तिकीट काढताना शाकाहारी की मांसाहारी, एवढेच विचारले गेले.

सुखाची इच्छा धरणाऱ्यास विद्या मिळत नाही, असे सुभाषितकार बजावून गेले आहेत. हे आम्हांस पुरते पटत नाही. माधुकरी मागून शिकलेल्यांचे गुणगान आपण फार करतो; पण माधुकरी मागता मागता ज्यांची शाळा सुटली, त्यांची गणती कोणी केली आहे? भूक ही काही गुरू नव्हे. उपाशी विद्यार्थी वर्गात पेंगताना आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. दोष अन्नाकडे नसावा, असेच आम्ही त्या दिवशी सकाळी स्वतःस सांगितले आणि न्याहारीला आणखी एक घावन मागून घेतले.

अकराचे व्याख्यान चांगले होते, असे म्हणतात. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि कान्होजींपुढे त्यांचे काही चालले नाही, येथपर्यंत आम्ही जागे होतो. दालन थंड होते, चित्रे नीट दिसावीत म्हणून पडदे ओढलेले होते, खुर्ची मऊ होती. टाळ्यांच्या आवाजाने डोळे उघडले.

दुपारी आमच्या टेबलावर वाढणारा तरुण देवगडकडचा निघाला. आम्ही मराठी बोलतो हे पाहून, पाणी ओतता ओतता त्याने हळूच विचारले, “सर, आमच्या विजयदुर्गाच्या पाण्यातल्या भिंतीविषयी काही सांगितलं का त्यांनी?” नोकरांनी त्या दालनात बसावयाचे नाही असा नियम होता. किल्ल्यासमोर समुद्राच्या तळाशी दगडी भिंत आहे आणि शत्रूची गलबते तिच्यावर आदळून फुटत, हे त्याने आजोबांकडून ऐकले होते. ती खरोखर माणसांनी बांधली काय, एवढेच त्याला हवे होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या पाण्यात उतरून भिंतीची पाहणी केली आहे, एवढे आम्हांस वाचून ठाऊक होते. तेवढेच आम्ही सांगितले, आणि ते जणू नुकतेच ऐकून आलो अशा थाटात सांगितले. “अजून काय म्हणाले?” त्याने विचारले. आम्ही म्हटले, वेळ थोडा होता.

रात्री आम्ही व्याख्यात्यांना गाठले. गृहस्थ सज्जन. भिंतीवर तर आपण चांगली दहा मिनिटे बोललो, असे ते म्हणाले. पण आश्चर्य न दाखविता त्यांनी त्या छापील कागदाच्या पाठीवर किल्ला, खाडी, भिंत अशी आकृती काढून दिली आणि खाली चार ओळी लिहिल्या. तो कागद घेऊन आम्ही सकाळी न्याहारीस गेलो. टेबलावर दुसराच मुलगा होता. पहिल्याची पाळी खाली भटारखान्यात लागली होती, आणि उतारूंस तेथे जाण्याची मनाई होती. कागद आम्ही या मुलाच्या हाती दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला, आणि चहा हवा की कॉफी, असे विचारले.